अभिवादन आणि प्रत्यभिवादन : बालशिक्षणातील एका पाठाची चिकित्सा

१

लहान मुलांना भाषांच्या आणि संस्कृतींच्या विविधतेची ओळख करून द्यावयाची तर प्रारंभ अभिवादनाच्या शब्दांपासून करावा, ही कल्पना शिक्षणक्षेत्रात आता इतकी रुळली आहे की, तिची परीक्षा करण्याची आवश्यकता सहसा कोणास भासत नाही. बालवाडीच्या भिंतीवरील तक्ते, चित्रपुस्तके आणि प्राथमिक इयत्तांतील सामुदायिक कार्यक्रम ह्या सर्वांत हा पाठ ठराविक स्वरूपात आढळतो. निरनिराळ्या वेषांतील मुले एका रांगेत उभी केलेली असतात आणि प्रत्येकाच्या तोंडी एकेक शब्द घातलेला असतो : नमस्कार, वणक्कम्, केम छो, सत् श्री अकाल, आदाब. शब्द निराळे असले तरी त्यांतील भाव एकच, असे तात्पर्य शेवटी सांगितले जाते.

ह्या कल्पनेला आपल्या देशात व्यापक शासकीय रूप मिळाले ते २०१८ साली. 'एक भारत श्रेष्ठ भारत' ह्या योजनेखाली तत्कालीन मानव संसाधन विकास मंत्रालयाने त्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबर महिन्यांत 'भाषा संगम' नावाचा उपक्रम शाळांतून राबविला. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी प्रत्येकीतील पाच सोपी वाक्ये मुलांनी म्हणावीत, असे त्याचे स्वरूप होते. ही पाच वाक्ये मिळून एक छोटा संवाद होतो : नमस्कार, तुमचे नाव काय, माझे नाव अमुक, तुम्ही कसे आहात, मी ठीक आहे. २०२१ साली ह्याच नावाने पुढला टप्पा सुरू झाला, तेव्हा वाक्यांची संख्या शंभरावर नेण्यात आली. परंतु शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी सहज म्हणवून घेता येण्याजोगा, आणि म्हणूनच लहान मुलांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा, असा पाठ पहिल्या पाच वाक्यांचाच होय. प्रस्तुत विवेचनात म्हणून त्यालाच नमुना मानले आहे.

ह्या पाठातून मूल नेमके काय शिकते, हा येथे विचारात घेतलेला प्रश्न आहे. अभिवादन ही दोन बाजू असलेली क्रिया आहे. एकाने ती आरंभावयाची असते आणि दुसऱ्याने तिचा स्वीकार करून ती परत करावयाची असते. प्राचीन शास्त्रकारांनी ह्या दुसऱ्या बाजूस प्रत्यभिवादन असे स्वतंत्र नाव दिले होते आणि तिचे स्वतंत्र नियमही केले होते. प्रचलित पाठ पहिली बाजू, तीही केवळ शब्दापुरती, शिकवितो. दुसरी बाजू तो जवळजवळ वगळतो. समाजातील विविधतेचे जे अवघड प्रश्न आहेत ते मात्र बहुतांशी ह्या दुसऱ्या बाजूतच गुंतलेले आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम ह्या पाठाचे गुण मान्य केले पाहिजेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे कान अपरिचित ध्वनींना मोकळे असतात. 'वणक्कम्' मधील द्वित्त ककार किंवा काश्मिरी स्वरांचे निराळे वळण त्याला ओझे वाटत नाही, खेळ वाटतो. ज्या भाषेचे नावही घरात कधी निघत नाही तिच्यातील एखादे वाक्य मुलाच्या तोंडी आले, तर ती भाषा बोलणारी माणसे आहेत एवढी जाणीव तरी त्याला होते. शिवाय, असा पाठ शिक्षकालाही बहुधा नवा असतो. तो व त्याची मुले काही काळ एकाच पायरीवर येतात, आणि हा अनुभव आपल्या शाळांतून विरळा आहे.

दुसरे असे की, अभिवादन ही मुलाने भाषेत आत्मसात केलेल्या अगदी आरंभीच्या ठरीव उक्तींपैकी एक होय. जीन बर्को ग्लीसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली व त्यानंतर केलेल्या अभ्यासांतून असे दिसून आले की, अशा ठरीव उक्ती मुलांना प्रथम अर्थ सांगून शिकविल्या जात नाहीत. वडीलधारी माणसे विशिष्ट प्रसंगी 'असे म्हण' असा आग्रह धरतात, आणि अर्थ कळावयाच्या आधी कृती घडते. आपल्याकडेही दारात पाहुणा आला की, 'काकांना नमस्कार कर' असे मुलाला सांगितले जाते. हात कसे जोडावे, मान किती लववावी, कोणाच्या पाया पडावे आणि कोणाला नुसते हसून चालते, हे सारे मूल त्या आज्ञेतून व अनुकरणातून उचलते. अभिवादनाची निवड म्हणूनच शिक्षणदृष्ट्या सयुक्तिक आहे. मूल ह्या मार्गाने खरोखर काही शिकते, हेही निश्चित आहे. दोष असेल तर तो ह्या साधनाचा उपयोग ज्या रीतीने केला जातो तिच्यात शोधावा लागेल.

३

तक्त्यातील पहिली गृहीत गोष्ट अशी की, हे सर्व शब्द परस्परांचे प्रतिशब्द होत. ही समजूत टिकणारी नाही. 'वणक्कम्' हा शब्द वाकणे, वंदन करणे ह्या अर्थाच्या तमिळ धातूपासून निघाला आहे. 'केम छो' हा प्रश्न आहे. 'सत् श्री अकाल' हा प्रश्नही नव्हे आणि वंदनही नव्हे. कालातीत परमेश्वर सत्य आहे अशी ती घोषणा आहे. 'आदाब' ह्यात शिष्टाचाराचाच उच्चार आहे, आणि ईश्वराचे नाव नसल्यामुळे उर्दूच्या प्रभावाखालील समाजांत भिन्नधर्मीयांना ते परस्परांत सहज वापरता आले. 'अस्सलाम अलैकुम' हा आशीर्वाद आहे, आणि त्याचे उत्तर शब्दांचा क्रम उलटवून द्यावे लागते. केलेल्या अभिवादनाहून अधिक चांगले, निदान तितकेच चांगले, प्रत्युत्तर द्यावे असा निर्देश कुराणाच्या चौथ्या अध्यायात आहे. लडाखी 'जुले' भेटताना, निरोप घेताना आणि आभार मानतानाही उच्चारले जाते. ह्या सर्वांच्या मध्ये समानतेचे चिन्ह मांडले की, जी विविधता शिकवावयाची तीच पुसली जाते आणि उरतो तो केवळ ध्वनींचा भेद.

ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्की ह्यांनी १९२३ साली असे दाखवून दिले की, भेटीच्या प्रसंगी बोलली जाणारी वाक्ये माहिती देण्यासाठी नसतात, संबंध जोडण्यासाठी असतात. हवापाण्याची चौकशी करणाऱ्याला हवापाण्याविषयी जाणून घ्यावयाचे नसते. हे विवेचन मान्य केले म्हणजे अभिवादनाचा 'अर्थ' शब्दकोशात न शोधता संबंधात शोधावा लागतो. कोणी कोणाला, कोणत्या प्रसंगी आणि कोणी आधी, हे प्रश्न मग मुख्य ठरतात. सेनेगलमधील वोलोफ समाजाविषयी ज्युडिथ अर्व्हाइन ह्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला निबंध ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या समाजात जो अभिवादनास प्रारंभ करतो तो आपोआप खालची पायरी पत्करतो. त्यामुळे प्रारंभ कोणी करावा, किंवा कोणी टाळावा, ह्यात दोघांच्या दर्जाची एक सूक्ष्म वाटाघाट चालते. वोलोफ अभिवादनाचा शब्द मुलांना पाठ करून दिला आणि ही वाटाघाट सांगितली नाही, तर त्या समाजाविषयी आपण त्यांना काहीही सांगितले नाही असे होईल.

'भाषा संगम'मधील पाच वाक्यांकडे ह्या दृष्टीने पाहावे. हा संवाद कोणामधील आहे? एकमेकांस अनोळखी, समान दर्जाच्या, घाईत नसलेल्या दोन प्रौढांमधील तो आहे. प्रवाशाच्या उपयोगासाठी रचलेल्या भाषाप्रवेशिकेत असा संवाद शोभतो. मराठी मुलाच्या नित्याच्या जीवनात तो कोठे येतो? मुलाने वडीलधाऱ्या माणसाला 'तुमचे नाव काय?' असे विचारणे आपल्याकडे शिष्टसंमत नाही. उलट, मोठ्या माणसाने मुलाला विचारावयाचा रूढ प्रश्न नावाचा नसतो; 'कुणाचा रे तू?' असा असतो, आणि त्यातून घराणे, गाव आणि पुष्कळदा जात जाणून घ्यावयाची असते. 'तुम्ही कसे आहात?' ह्याचीही तीच गत आहे. गावाकडील भेटीत 'काय म्हणता, बरं आहे ना?', 'जेवणं झाली का?', 'कुणीकडं निघालात?' असे बोलले जाते, आणि त्यांच्या उत्तरात 'मी ठीक आहे' हे वाक्य क्वचितच येते. निघताना आपण 'जातो' असे म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. ह्या एका क्रियापदात आपल्या समाजाची निरोपाविषयीची सगळी धारणा सामावलेली आहे. पाच वाक्यांच्या साच्यात मात्र निरोपाला जागाच नाही.

तात्पर्य, एकच संवाद आधी रचावयाचा आणि मग त्याची बावीस भाषांतरे करावयाची, अशी ही पद्धती आहे. ह्यात भाषा बदलते, परंतु बोलण्याची रीत बदलत नाही. भिन्न भाषा बोलणारी माणसे निराळ्या रीतीने भेटतात, निराळ्या गोष्टी विचारतात, काही गोष्टी विचारीत नाहीत, ही जाणीव मुलाला त्यातून होणे कठीण आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० ह्यात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'भारताच्या भाषा' ह्या विषयावरील जो प्रकल्प सुचविला आहे, त्यातही भर भारतीय भाषांच्या एकतेवर, त्यांच्या समान वर्णव्यवस्थेवर आणि समान उगमांवर आहे. एकता हे मूल्य आहेच. तथापि विविधतेचा पाठ म्हणून जो दिला जातो त्याचा निष्कर्ष प्रत्येक वेळी साम्य हाच निघत असेल, तर मुलाला भेदाकडे पाहावयास आपण केव्हा शिकविणार, ही शंका उरते.

४

तक्त्यातील दुसरी गृहीत गोष्ट अधिक गंभीर आहे. प्रत्येक भाषेला एकेक अभिवादन असते आणि ते त्या भाषेच्या सर्व बोलणाऱ्यांचे असते, असे तो सुचवितो. मराठीच्या पुढे 'नमस्कार' लिहिले जाते. हा शब्द सर्वांचा आहे असे आज वाटत असले, तरी तो तसा नेहमी नव्हता.

अभिवादनाच्या देवघेवीत दर्जाचा विचार किती खोलवर गेला होता, ह्याचा पुरावा आपल्या व्याकरणशास्त्रातच आहे. पाणिनीच्या आठव्या अध्यायातील दुसऱ्या पादात (सूत्र ८३) प्रत्यभिवादनाच्या वाक्यातील अंत्य स्वर प्लुत करावा, म्हणजे लांबवून उच्चारावा, असे सांगितले आहे. परंतु शूद्राला उत्तर देताना तसे करू नये असा अपवादही तेथेच आहे. पुढे वार्तिककारांनी स्त्रियांनाही ह्या अपवादात घातले. पतंजलीने महाभाष्याच्या प्रारंभी व्याकरण का शिकावे ह्याची जी प्रयोजने दिली आहेत, त्यांत प्रत्यभिवादनातील हा प्लुत उच्चार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याशी प्रवासाहून परतलेल्याने स्त्रियांशी बोलावे तसे साध्या शब्दांत बोलावे, असा उल्लेख येतो. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तर चारही वर्णांना क्षेम विचारण्याचे शब्द वेगवेगळे ठरवून दिले आहेत. अभिवादन कोणीही करो. ते परत करताना आवाज किती लांबवावयाचा, ह्यावरून समोरच्याची जागा त्याला कळत असे. एका स्वराच्या मात्रेत समाजरचना कशी सामावते, ह्याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण आहे.

हे केवळ प्राचीन काळचे म्हणून सोडून देता येत नाही. १७७९ सालच्या ऑगस्ट महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारने सोनार जातीच्या प्रमुखास एक हुकूम पाठविला. सोनारांनी 'नमस्कार' हे अभिवादन करू नये आणि ही मनाई त्याने आपल्या सर्व जातबांधवांना कळवून तिची सक्त अंमलबजावणी करावी, असा त्याचा आशय होता. स्वतःस दैवज्ञ ब्राह्मण म्हणविणाऱ्या ह्या जातीने ब्राह्मणांचे अभिवादन उचलले, ह्यास ब्राह्मणवर्गाचा विरोध होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा हुकूम आपल्या लेखनात उद्धृत केला आहे. आज बालवाडीच्या तक्त्यात निरुपद्रवी दिसणारा शब्द अडीचशे वर्षांपूर्वी सरकारी आज्ञेने एका जातीच्या तोंडून काढून घेतला गेला होता.

'जोहार' ह्या शब्दाचा इतिहास ह्याहून गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्रात हे महारांनी वरच्या जातीच्या लोकांना करावयाचे अभिवादन होते. चोखामेळ्याच्या 'जोहार' ह्या प्रकारातील अभंगांना आणि एकनाथांच्या भारुडांतील महाराच्या भूमिकेला हीच सामाजिक पार्श्वभूमी आहे. विसाव्या शतकात अस्पृश्यांनी हे अभिवादन टाकून दिले आणि त्याच्या जागी 'जय भीम' आले. त्याच्या प्रसाराचे श्रेय सामान्यतः कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) ह्यांना दिले जाते. ह्या बदलातील महत्त्वाचा भाग असा की, 'जोहार' हा खालून वर जाणारा शब्द होता आणि त्याचे उत्तर त्याच शब्दाने मिळत नसे. 'जय भीम'चे उत्तर 'जय भीम' हेच असते. शब्दाबरोबर संबंधाचा आकार बदलला. दुसऱ्या बाजूस, संताळांमध्ये व इतर अनेक आदिवासी समाजांत 'जोहार' हे आजही परस्परांतील सन्मानाचे अभिवादन आहे, आणि गोंडांमध्ये 'सेवा जोहार' म्हटले जाते. एकच ध्वनी एका समाजात लादलेल्या लीनतेचा आणि दुसऱ्या समाजात स्वाभिमानाचा वाहक ठरतो. तक्त्यात संताळीपुढे 'जोहार' लिहिताना ह्यांपैकी काहीच दिसत नाही.

परस्परतेचा आणखी एक नमुना वारकरी संप्रदायात आहे. तेथे भेटणारे दोघेही एकमेकांच्या पाया पडतात आणि वय वा जात त्याच्या आड येत नाही, असा संकेत आहे. तथापि त्याच वारीत जेवणाच्या पंगती जातीप्रमाणे वेगळ्या बसत, हे इरावती कर्वे ह्यांनी आपल्या 'वाटचाल' ह्या लेखात नोंदविले आहे. अभिवादनातील समता व्यवहारातील समतेची हमी देत नाही, हा इशारा त्यातून घ्यावयाचा. परंतु समतेचा दावा प्रथम जेथे उच्चारला गेला ते स्थळ अभिवादनाचेच होते, हेही विसरता येत नाही.

५

बावीसांच्या यादीत जे बसत नाहीत त्यांचा विचार आता केला पाहिजे. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून अधिक भाषकसंख्या असलेल्या १२१ भाषा नोंदल्या आहेत. त्यांपैकी २२ अनुसूचित आणि ९९ अनुसूचीबाहेरच्या आहेत. भिली-भिलोडी बोलणारे त्या वेळी १ कोटी ४ लाखांवर आणि गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते. ह्या दोन्ही भाषा अनुसूचीत नाहीत. संस्कृत ही मातृभाषा म्हणून नोंदविणारे २४,८२१ होते, आणि संस्कृत अनुसूचीत आहे. अनुसूची ही घटनात्मक व राजकीय प्रयोजनाने झालेली रचना आहे. तिला दोष देण्याचे येथे कारण नाही. परंतु ती बालशिक्षणाची अनुक्रमणिका म्हणून जशीच्या तशी उचलली की, नंदुरबारमधील भिल्ल मूल बावीस भाषांत अभिवादन करावयास शिकते आणि त्यांत त्याच्या आईची भाषा नसते. विविधतेच्या पाठातून त्याला मिळणारी पहिली माहिती अशी की, आपण विविधतेत मोडत नाही.

शाळेत आलेल्या मुलाचे स्वतःचे अभिवादन जेव्हा अपात्र ठरते तेव्हा काय होते, ह्याचे एक मार्मिक चित्र कीथ बासो ह्यांच्या १९७० सालच्या निबंधात आहे. ॲरिझोनातील पश्चिमी अपाची लोकांत दूरच्या निवासी शाळेतून मूल घरी परतले की, आईबाप लगेच त्याच्याशी बोलत नाहीत. ते गप्प राहतात आणि मुलाने आपण होऊन बोलण्याची वाट पाहतात. गोऱ्यांच्या शाळेत राहून मूल बदलले असेल, आपल्याविषयी त्याला आता काय वाटत असेल, ही धास्ती त्या मौनामागे असते. ह्या समाजाचे 'अभिवादन' तक्त्यात कसे लिहावे? तेथे शब्दच नाही. आणि जे मौन आहे त्यास शाळा हीच अंशतः कारण झालेली आहे.

अभिवादनावरील बंदी ही तर आपल्या अठराव्या शतकापुरती मर्यादित गोष्ट नाही. न्यूझीलंडमध्ये १९८४ साली ऑकलंडच्या दूरध्वनी केंद्रातील नाइडा ग्लॅविश ह्या माओरी कर्मचारी स्त्रीने ग्राहकांना 'किया ओरा' ह्या माओरी शब्दांनी संबोधण्यास प्रारंभ केला, तेव्हा वरिष्ठांनी तिला मनाई केली. प्रकरण देशभर गाजले आणि अखेर ते शब्द वापरण्याची मुभा देणे भाग पडले. ह्याच सुमारास, १९८२ पासून, त्या देशात 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, ह्या नावाच्या बालशाळा निघाल्या होत्या. तेथे वडीलधारी माओरी माणसे लहानग्यांशी दिवसभर माओरीतूनच बोलत. अभिवादनाचा वेगळा पाठ तेथे नव्हता. मूल दारातून आत आले की त्याला त्याच्या भाषेत कोणीतरी साद घाली आणि त्याच्या सादेला त्याच भाषेत उत्तर मिळे. १९९६ साली त्या देशाने बालशिक्षणासाठी जो राष्ट्रीय अभ्यासक्रम स्वीकारला त्याची धारणा द्विसांस्कृतिक आहे. आपल्या बावीस भाषांच्या यादीशी ही एकभाषिक घरटी ताडून पाहिली तर असे दिसते की, यादी संख्येने मोठी आहे, परंतु घरट्यात जे घडते ते यादीत घडत नाही. यादीत साद आहे, पडसाद नाही.

६

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो वजनदार आहे. पाच वर्षांच्या मुलाला दर्जा, जात आणि बंदी ह्यांचा इतिहास सांगावयाचा काय? शिवाय, 'तुमच्या घरी काय म्हणतात ते सांगा' असे वर्गात विचारले, तर मुलाच्या एका शब्दावरून त्याची जात वा धर्म उघड होईल. 'जय भीम' म्हणणारे, 'सलाम' म्हणणारे, 'जय जिनेंद्र' म्हणणारे मूल क्षणात ओळखू येते. तटस्थ अशी यादी निदान कोणाला उघडे पाडत नाही. अनेक विवेकी शिक्षक ह्याच कारणाने ती पसंत करतात, हे मान्य करावे लागेल.

आक्षेपाचा पूर्वार्ध सहज निकालात निघतो. इतिहास मुलाला सांगावयाचा नाही. तो शिक्षकाला ठाऊक असावयाचा आहे, म्हणजे कोणत्या शब्दाशी कसे वागावे हे त्याला उमजेल. उत्तरार्ध मात्र खरा आहे, आणि घरच्या अभिवादनांची वर्गात जाहीर नोंदणी करणारा कोणताही उपक्रम म्हणूनच हानिकारक ठरेल. तथापि यादीची तटस्थता फुकट मिळालेली नाही. जे मूल घरीही 'नमस्कार' म्हणते त्याला तिच्यासाठी काहीच मोजावे लागत नाही. जे घरी दुसरे काही म्हणते ते आपला शब्द दाराबाहेर ठेवून येते. ही किंमत एकाच बाजूने दिली जाते, आणि यादीच्या समर्थनात तिचा हिशेब मांडला जात नाही.

ह्या अडचणीतून वाट आपल्याच प्रांतातील एका प्रयोगात दिसते. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०-१९९२) ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाड येथे वारली मुलांसाठी काम आरंभिले, तेव्हा मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच पाड्यावरील अंगणात नेली. गुरे चारावयास जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरविली. 'अंगणवाडी' हा शब्द त्या प्रयत्नातून रूढ झाला. अभिवादनाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, प्रारंभ कोणी करावा ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी कृतीने बदलले. सामान्यतः मूल शाळेला वंदन करते आणि शाळा ते स्वीकारते. येथे शाळा मुलाच्या दारी गेली. मुलाने आपली ओळख उघड करून दाखवावी असा आग्रह ह्यात नव्हता. मुलाचे जग शिक्षकाला आधी ठाऊक झालेले होते.

ह्यावरून पाठाच्या रचनेविषयी तीन गोष्टी सुचविता येतील. पहिली अशी की, संख्या कमी करून संबंध वाढवावा. बावीस भाषांतील पाच वाक्यांपेक्षा, वर्गाच्या परिसरात खरोखर बोलल्या जाणाऱ्या दोन-तीन भाषांतील भेटीचा आणि निरोपाचा संपूर्ण व्यवहार मुलांनी खेळातून करावा : आजीला काय म्हणतात, सवंगड्याला काय, कोण आधी बोलतो, उत्तर काय येते, हात कोठे असतात, निघताना काय म्हणतात. लहान मुलाला अर्थापेक्षा कृती आधी कळते, हे वर सांगितलेच आहे. मग पाठही कृतीचाच असावा. दुसरी अशी की, 'तुझ्या घरी काय म्हणतात?' हा प्रश्न विचारू नये. त्याऐवजी परिसरातील सर्व अभिवादने शिक्षकाने स्वतःच्या मुखाने, सारख्या आदराने, वर्षभर वापरावीत. कोणते कोणाचे हे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या मुलाचे ते असेल त्याला ते कळेल आणि इतरांना त्याचे उत्तर देण्याची सवय होईल. तिसरी गोष्ट शिक्षक-प्रशिक्षणाची आहे. आपल्या अध्यापक विद्यालयांतून भाषेचे अध्यापन शिकविले जाते, परंतु स्थानिक भाषाव्यवहाराचे निरीक्षण करावयास शिकविले जात नाही. गावातील चावडीवर, बाजारात, मशिदीच्या व विहाराच्या दारात माणसे कशी भेटतात ह्याची नोंद प्रत्येक प्रशिक्षणार्थीने एकदा तरी करावी. भाषाविज्ञान आणि समाजशास्त्र ह्या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही हे क्षेत्र जवळजवळ मोकळे आहे. मराठीतील अभिवादनांचा जिल्हावार, समाजवार आणि पिढीवार पद्धतशीर अभ्यास झाल्यास बालशिक्षणाला त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.

अभिवादनांचा पाठ टाकून द्यावा, असा ह्या विवेचनाचा निष्कर्ष नाही. त्याची कसोटी बदलावी, एवढेच म्हणणे आहे. मुलाला किती भाषांत अभिवादन करता येते, ह्याची मोजदाद आज केली जाते. वर्गातील कोणत्याही मुलाने आपल्या घरच्या शब्दाने साद घातली तर तिला त्याच शब्दाने, आणि स्वर आखडता न घेता, उत्तर मिळते की नाही, हे ह्यापुढे पाहिले जावे. शूद्राला द्यावयाच्या उत्तरात कोणता स्वर लांबवू नये हे ज्या विद्यापरंपरेने इतक्या काटेकोरपणे नोंदवून ठेवले, तिच्या वारसांनी तो स्वर सर्वांसाठी लांबविण्याचा पाठ बालवाडीपासून देणे अगत्याचे आहे.